घाटात पेडल मऊ पडलं, हवा काढूनही तसंच: मास्टर सिलिंडर बदलण्याआधी काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. वाईत चहाला थांबलात तेवढ्यात ते बरंचसं सुधारलं. नंतर गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलले आणि ब्रेकची, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये शिरलेली, हवा काढली. तरी पेडल स्पंजी लागतंच. पहिल्या दाबाला खोल जातं, लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की वर येतं. परत हवा काढली, फरक नाही. आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या लाइनमध्ये ऑइल ढकलणारा भाग, बदलायला सांगितलंय आणि तुम्ही विचारताय, बदलू का?

माझं साताऱ्यात गॅरेज आहे आणि आमच्याकडे ब्रेकची कामं बारा महिने असतात, कारण या गावातून कुठंही निघा, घाट लागतोच. कासहून येताना यवतेश्वरचा उतार, मेढ्यावरून महाबळेश्वरला केळघर, वाईला पसरणी, पाटणच्या पुढे कुंभार्ली. तुम्ही सांगितलेली लक्षणं आम्ही नेहमी बघतो. माझं उत्तर, आत्ताच बदलू नका. मास्टर सिलिंडर खराब असेलही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तसं ठरवता येत नाही, आणि तो खराब आहे की नाही हे एक रुपया खर्च न करता, गाडी जागेवर उभी असताना कळतं. गाडी न बघता मी शक्यताच सांगू शकतो, हेही लक्षात घ्या. पॅड बदलताना नेमकं काय केलं, ऑइल कोणतं टाकलं, मागचे ड्रम उघडले होते का, यावर बरंच अवलंबून आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी. पेडल असं असताना गाडी घाटात नेऊ नका. पेडल पार तळाला टेकत असेल तर गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करून न्या.

माझ्या मते तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकमेकांत मिसळलेत. घाटात झालं तो एक, पॅड बदलल्यावर जो उरलाय तो दुसरा. दोन्हींना आपण "पेडल स्पंजी झालं" असं एकच नाव देतो, म्हणून उपायही एकच शोधला जातो.

घाटातलं आधी घेतो. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर आहे. माणसं-सामान धरून बाराशे किलोची गाडी एवढं खाली आणायची आणि सगळं काम ब्रेकवरच टाकायचं म्हटलं, तर जी उष्णता तयार होते तिच्यात पंधरा-वीस लिटर पाणी उकळेल. काही भाग हवेचा विरोध आणि टायर खातात, पण गाडी वरच्या गिअरमध्ये असेल तर उरलेली उष्णता डिस्क आणि ड्रममध्येच जाते. तिथून पॅडमधून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनला, आणि पिस्टनच्या मागे असतं ब्रेक ऑइल.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट असलं तरी वर्षानुवर्षं थोडा थोडा ओलावा आत जातो, चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, भिंतीतूनही जातो. आपल्याकडे पावसाळ्यात महाबळेश्वर-कास पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांत हे लवकर दिसतं. नवं डॉट ३ ऑइल (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणजे घाटातल्या एका लांब उताराला पुरेल एवढाच जीव त्यात उरतो. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल पायाखाली मऊ होतं. थांबल्यावर कॅलिपर गार होतो, वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल सुधारतं. तुमचं वाईत सुधारलं, ते यामुळेच. कास फुलांच्या हंगामात रविवारी संध्याकाळी यवतेश्वरच्या उतारावर रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरऐवजी न्यूट्रलला गाडी सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांचं हेच होतं.

इथे एक फरक नीट समजून घ्या. हवा काढली म्हणजे ऑइल बदललं असं होत नाही. हवा काढताना प्रत्येक चाकापाशी असलेल्या निपलमधून (हवा-ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूमधून) थोडंसं ऑइल जातं, बुडबुडे थांबले की निपल बंद. लाइनमधलं आणि टाकीच्या तळाचं जुनं ऑइल तिथंच राहतं. घाटातल्या त्रासाचा उपाय आहे सगळं ऑइल बदलणं. टाकीचं झाकण उघडून बघा: नवं ऑइल फिक्कट पिवळसर, पारदर्शक असतं, तुमचं जर कोऱ्या चहासारखं काळपट दिसत असेल तर ते अजून जुनंच आहे. रंग हा पक्का पुरावा नाही, फिक्कट ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पाण्याचं प्रमाण दाखवणारा पेन टेस्टर बऱ्याच गॅरेजमध्ये असतो, तो लावायला सांगा. आणि शेवटचं ऑइल कधी बदललं हे तुम्हाला आठवत नसेल तर टेस्टरची वाट बघू नका, बदलून टाका. साधारण दोन वर्षांनी बदलावं, बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात असंच काहीतरी दिलेलं असतं.

आता दुसरा बिघाड, जो सपाट रस्त्यावर, गार ब्रेकलाही आहे. यासाठी पेडल पायाला काय सांगतंय ते वेगवेगळं ओळखायला लागतं. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला लागलं की मी त्याला हातात पाना देण्याआधी चार-पाच गाड्यांत नुसतं बसवून पेडल दाबायला लावतो.

काही पेडल मऊ असतं: दाबाल तसं जातं, शेवटीही कडक होत नाही, पायाला उसळी देतं. हे हवेचं, फुगणाऱ्या होजचं किंवा वाकणाऱ्या पॅडचं लक्षण. काही पेडल खोल असतं: बरंच खाली जातं, पण तिथे पोचल्यावर दगडासारखं कडक. हे बहुतेक वेळा मागच्या ड्रममधल्या शूजचं (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचं) ड्रमपासूनचं अंतर वाढल्याचं लक्षण, हवेशी त्याचा संबंध नसतो. आणि काही पेडल बसतं: पाय एकसारखा दाबून धरला की हळूहळू खाली सरकत राहतं. हे गळतीचं किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबराचं. तुमचं पहिल्या दाबाला खोल जातं आणि पंपिंगने वर येतं. हे मऊ आणि खोल, दोन्ही प्रकारांत होतं. वर आल्यावर ते कडक लागतं की तरीही उसळी देतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथंच अडलंय.

पंपिंगने वर का येतं, तेही सांगतो. शूज ड्रमपासून लांब असतील तर पहिल्या दाबातलं ऑइल ते अंतर भरण्यातच संपतं. लगेच दुसरा दाब दिला तर शूज अजून पूर्ण मागे गेलेले नसतात आणि टाकीतून आणखी ऑइल आत आलेलं असतं, म्हणून पेडल उंच लागतं आणि तिथे कडक होतं. हवा असेल तरीही पंपिंगने उंची वाढते, पण कडकपणा येत नाही.

हवेला किती किंमत मोजावी लागते त्याचं गणित बघा. मास्टर सिलिंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, साधारण २० मिमी धरला तर १ घन सेंटिमीटर हवा दाबून संपवायला पिस्टनला सुमारे ३ मिमी जास्त सरकावं लागतं. पेडलच्या दांड्याचं गुणोत्तर चारास एक धरलं तर तेच पायाखाली सव्वा सेंटिमीटर होतं. चमचाभर सुद्धा नाही एवढी हवा, आणि पेडल एवढं खोल. म्हणून "थोडीशी राहिली असेल" असं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता चाचण्या. या तुम्ही घरच्या अंगणात करू शकता. जागा सपाट हवी आणि चाकांना दगड लावलेले हवेत.

इंजिन बंद ठेवून पेडल सात-आठ वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला (पायाच्या जोराला इंजिनाच्या व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. मग सावकाश एकदा दाबून बघा, शेवटी कडक होतं का उसळतं. आता पाय दाबलेला ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. ही बूस्टरची मदत आहे, बिघाड नाही. बरेच जण यालाच स्पंजी समजतात आणि नसलेला रोग शोधत बसतात. अजिबात खाली गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम नळी बघायला लागेल, पण तेव्हा पेडल मऊ नाही तर उलट जड लागतं.

दुसरी चाचणी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. पेडल सोडा, हँडब्रेक घट्ट ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक ओढला की मागचे शूज ड्रमला आधीच टेकलेले असतात. अशा वेळी पेडल पहिल्याच दाबाला स्पष्टपणे उंच आणि कडक लागलं, तर तुमचा दोष मागच्या शूजच्या ॲडजस्टमेंटमध्ये आहे. मास्टर सिलिंडर नवा बसवला असता तरी हा त्रास गेला नसता. हँडब्रेकने काहीच फरक पडला नाही तर हवा, होज, पुढचे कॅलिपर, यांच्याकडे वळायचं. मात्र हँडब्रेकची केबलच सैल किंवा जाम असेल तर या चाचणीवर विश्वास ठेवू नका. केबल मागे शूज ओढते आहे ना, ते आधी बघा. हँडब्रेक नेहमीपेक्षा बरेच जास्त दाते वर येत असेल, तर तोसुद्धा मागच्या अंतराचाच इशारा आहे.

तिसरी, मास्टर सिलिंडरची. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून तीस-चाळीस सेकंद धरून ठेवा. मग पुन्हा, पण हलक्या पायाने. हलक्या दाबाची चाचणी बरेच जण करत नाहीत, आणि झिजलेलं रबर पकडलं जातं ते बहुतेक वेळा तिथंच: जोरात दाबल्यावर रबर सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, हलक्या दाबात ऑइल त्याच्या बाजूने निसटतं. पेडल हळूहळू खाली सरकलं, बाहेर कुठेही गळती नाही आणि टाकीतली पातळीही कमी होत नाही, तर मास्टर सिलिंडर आतून पास करतो आहे, म्हणजे ऑइल रबराच्या बाजूने मागे निसटतंय. तेव्हा तो बदला, खुशाल बदला. पेडल जिथल्या तिथं थांबलं तर त्याला दोष देऊ नका.

पातळी कमी होत असेल आणि चाकांपाशी ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरची मागची बाजू बघायला सांगा. तिथलं रबर गेलं की ऑइल बूस्टरच्या आत झिरपतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. दोन नट सैल करून सिलिंडर जरा पुढे ओढला की मागची ओल दिसते.

आता मागचे ड्रम. मला सगळ्यात जास्त संशय इथेच आहे, कारण तुमच्या प्रश्नात मागच्या चाकांचा उल्लेखच नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत पुढचं सगळं नवं आणि मागचे ड्रम वर्षानुवर्षं न उघडलेले हे चित्र नेहमीचं आहे. ड्रममध्ये आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा असते, पण ती धूळ, गंज आणि सुकलेल्या ग्रीसने अडकते. मग शूज झिजत जातात, अंतर वाढत जातं आणि पेडल दर महिन्याला केसभर खाली जात राहतं. ड्रम काढल्यावर शूजएवढाच वेळ त्या ॲडजस्टरला द्या. तो सोडवून, स्वच्छ करून, त्याच्या आट्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावून, हाताने मोकळा फिरतो की नाही ते बघायचं. आतली काळी धूळ हवेने उडवू नका, शूजवरच्या जुन्या लायनरच्या (घासणाऱ्या थराच्या) धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने किंवा ब्रेक क्लीनरने काढा.

ड्रम उघडाच आहे तर व्हील सिलिंडरही, म्हणजे शूज बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर, बघून घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना छोटी रबरी टोपी असते. बारीक स्क्रूड्रायव्हरने तिची कड अलगद उचला. आत नुसता किंचित ओलसरपणा असेल तर चालेल. पण कड उचलताच थेंब ओघळून बॅकप्लेटवर (शूजच्या मागच्या पत्र्यावर) आला, तर तो सिलिंडर गेला. दुसऱ्या चाकाचाही सोबतच बदला, दोघांचं वय सारखंच असतं. आणि शूजला ऑइल लागलं असेल तर ते घासून, पेट्रोलने धुऊन परत वापरू नका. लायनरमध्ये मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर परत बाहेर येतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचते. ड्रमही मोजायला सांगा. कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेलेल्या ड्रमला नवे शूज लावून उपयोग नाही.

पुढच्या बाजूला, पॅड बदलल्यानंतरच पेडल बिघडलं असेल तर तीन-चार गोष्टी बघायच्या. जुन्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला झिजून एक काठ तयार झालेला असतो. नव्या पॅडची कड त्या काठावर चढून बसली तर पॅड डिस्कला सपाट टेकतच नाही, दाबल्यावर आधी वाकतो आणि मग टेकतो. पायाला ते हुबेहूब हवेसारखं लागतं आणि कितीही हवा काढा, जात नाही. पॅड काढून बघा: फक्त वरच्या पट्टीवर चमक आणि बाकी पॅड कोरा असेल, तर हेच आहे. दुसरं, कॅलिपरच्या सरकत्या पिना. त्या गंजून जाम असतील तर कॅलिपर सरकत नाही, वाकडा होऊन दाबतो. पिन हाताने मागेपुढे सरकली पाहिजे. तिसरं, पॅडच्या मागचा जुना शिम (पातळ पत्रा) तसाच ठेवून वर नवा बसवला, किंवा क्लिप वाकडी बसली. चौथं, कॅलिपर काढले असतील तर डावा-उजवा अदलाबदल होऊन निपल खालच्या बाजूला आलाय का. हवा वर जाते. निपल खाली असेल तर वरची हवा त्यातून कधीच निघणार नाही. यातलं काहीच नसेल तर नवे पॅड डिस्कवर बसायलाही थोडं अंतर जावं लागतं, दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत पेडल किंचित मऊ लागू शकतं. पण ते रोज थोडं थोडं सुधारलं पाहिजे. तुमचं तसं वाटत नाही.

इथपर्यंतचा क्रम असा: हँडब्रेक ओढून पेडल सुधारलं तर मागचे ड्रम. नाही सुधारलं, पण पेडल बसत नाही, तर पुढचे पॅड-पिना आणि हवा. बसलं, तर मास्टर सिलिंडर.

रबरी होजबद्दल एका ओळीत भागणार नाही, जरा जास्त सांगायला हवं. नऊ वर्षांत होज आतून मऊ पडतात आणि दाबाखाली फुगतात. कुणाला तरी आत बसवून पेडल जोरात दाबायला लावा आणि प्रत्येक होज हातात धरून बघा. फुगताना बोटांना कळतं. बाहेरून बारीक भेगा दिसल्या तर फुगण्याची वाट बघायचीच नाही. कुठल्या चाकात दोष आहे हे शोधायला आम्ही होजला खास क्लॅम्प लावतो, एका वेळी एकाच होजला, आणि पेडल दाबतो. ज्याला क्लॅम्प लावल्यावर पेडल कडक झालं, त्या चाकाकडे हवा, फुगवटा किंवा वाकणारा पॅड आहे. यासाठी गोल तोंडाचा क्लॅम्पच हवा. साध्या पकडीने दाबलं तर होज आतून फाटतो, आणि तो फाटलेला होज नंतर घाटातच दगा देतो. होज आधीच कडक, भेगाळलेला असेल तर क्लॅम्प लावूच नका, सरळ बदला.

आता हवा काढण्याबद्दल, कारण दोनदा काढूनही राहिली असं होऊ शकतं. यासाठी दोन माणसं लागतात आणि दोघांचं बोलणं जुळायला लागतं. इंजिन बंद. निपलवर आधी रिंग पाना घाला, मग त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं नवं ऑइल घेऊन त्यात बुडवलेलं. खालचा म्हणतो "दाब", आतला पेडल दाबून "धरलं" म्हणतो. खालचा निपल पाव आटा सैल करतो, पेडल खाली जातं, निपल बंद होतो, आणि मगच "सोड". निपल बंद होण्याआधी आतल्याने पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली गेली, आणि सगळं पहिल्यापासून. नळीत आधी मोठे बुडबुडे येतात, मग मोत्यांच्या माळेसारखे बारीक, आणि इथे घाई करणारे थांबतात. बारीक बुडबुडे संपून ऑइल स्वच्छ आणि फिक्कट येईपर्यंत थांबायचं नाही. दर पाच-सहा दाबांनंतर टाकीत ऑइल भरायचं. टाकी एकदा जरी रिकामी झाली तरी लाइनमध्ये वरून हवा शिरते.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्या. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं रबर ठराविक टप्प्यातच फिरतं आणि त्याच्या पुढचा भाग गंजलेला किंवा मळलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या खरखरीत भागावर जातं आणि कापलं जातं. म्हणजे चांगला मास्टर सिलिंडर हवा काढतानाच खराब होतो. तुमच्या गाडीची हवा दोनदा काढलीय, म्हणून वरची तिसरी चाचणी नक्की करा.

कोणत्या चाकापासून सुरू करायचं, हे गाडीच्या पुस्तकात असतं, तोच क्रम पाळा. सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करतात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते मागचं डावं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन तिरक्या वाटलेल्या असतात, मागचं डावं आणि पुढचं उजवं एका लाइनवर, त्यामुळे क्रम वेगळा असू शकतो.

एबीएस आहे म्हणून एक गोष्ट वाढते. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली असेल तर ती साध्या पद्धतीने पूर्ण निघत नाही. स्कॅनर लावून युनिटमधला पंप आणि व्हॉल्व्ह चालवत हवा काढावी लागते, आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी ती सोय असलेला स्कॅनर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच जा. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला जातो तेव्हाही निपल उघडून जुनं ऑइल बाटलीत घ्यायला सांगा, नाहीतर कॅलिपरमधला गाळ उलटा वर युनिटकडे जातो.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच टाका, सीलबंद डब्यातलं, गेल्या वर्षी उघडून ठेवलेल्या डब्यातलं नको. पूर्ण बदलायला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं, पण सिलिकॉनचं डॉट ५ यांच्यात मिसळू नका, आणि नावातल्या साधर्म्याने डॉट ५.१ शी त्याची गल्लत करू नका. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून पडलं तर सगळी रबरं फुगून जातात आणि मग खरोखरच सगळं बदलावं लागतं. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसू नका.

शेवटी मास्टर सिलिंडरच दोषी निघाला तर नुसतं रबर किट टाकायचं की पूर्ण सिलिंडर, हा प्रश्न येतो. किट स्वस्त पडतं. पण बोर आतून खडबडीत किंवा खड्डे पडलेला असेल तर नवं रबर थोड्याच दिवसांत कापलं जातं, आणि ॲल्युमिनियमचा बोर घासून गुळगुळीत करणं मी करत नाही, कारण वरचा कठीण थर निघून जातो. नऊ वर्षांच्या गाडीत मी पूर्ण सिलिंडरच सुचवतो, आणि तो गाडीला बसवण्याआधी टेबलावर ऑइल भरून त्याची हवा काढून घ्यायला सांगतो.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल दाबून धरा, सगळे निपल आणि जोड कोरडे आहेत ते हाताने बघा. अंगणातच सावकाश पुढे-मागे करून ब्रेक तपासा, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निपल आणि टाकीची पातळी बघा. घाट त्यानंतर. आणि उतरताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, ब्रेक सतत धरून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग कमी करा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात ते गार होतात. कधी परत पेडल मऊ पडलंच तर भराभर पंपिंग करा, खालचा गिअर घ्या, हँडब्रेक हळूहळू वापरा, कडेला लावा आणि अर्धा तास तरी थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नका, ती वाकडी होते.

आता तुम्ही आधी हँडब्रेकची आणि हलक्या पायाने धरून ठेवायची चाचणी करा. वर आलेलं पेडल कडक होतं की उसळतं, टाकीतलं ऑइल कसं दिसतं, आणि मागचे ड्रम शेवटचे कधी उघडले, हे कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.